जबड्यातला तुकडा

"निघाली! अगदी मुळासकट!" एकतीस वर्षांपूर्वी माझी खालची दाढ काढून आमच्या ह्यांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं. हे दातांचे डॉक्टर, मी नवी नवरी, विश्वास ठेवला. आणि परवा लेकीच्या दवाखान्यात माझा जबडा स्क्रीनवर आला, तर त्या रिकाम्या जागी हाडात तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा!

"बाबा, हे काय?" लेकीने विचारलं. तीही दातांचीच डॉक्टर, ह्यांची खुर्ची आता तीच सांभाळते.

ह्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. "मूळ मोडलं होतं. ओठाची नस तिथे चिकटून. खणत बसलो असतो, तर ओठ कायमचा बधिर."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"नवं लग्न होतं गं!"

असा संताप आला म्हणता! तोंडात लेकीचा आरसा होता म्हणून हे वाचले.

मी वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवते. त्या जागेवरचा काढता-घालता दात जोरात फुंकलं की हलायचा, म्हणून हाडात स्क्रू बसवून पक्का दात हवा होता. तीन महिन्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने वाजवायचं होतं. ओठ गेला, तर सगळंच गेलं.

"तुकड्याला हात लावायचा नाही," लेक म्हणाली. "सूज नाही, पू नाही, गुपचूप पडलाय बिचारा. स्क्रू शेजारून जरा तिरका घालू."

"नसेपासून किती लांब?" ह्यांनी विचारलं.

"दोन मिलिमीटर."

"अगं बाई!" हे मी नाही, हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी खुर्चीवर बसले. ह्यांना बाहेर थांबवलं होतं, पण दर दोन मिनिटांनी दार किलकिलं होत होतं. ड्रिल थांबलं, लेकीने स्क्रू फिरवला, आणि मास्कमधूनच ओरडली, "बसला! आई, काय घट्ट बसलाय!" टाके घालून झाल्यावर पोरगी अक्षरशः नाचली. आता फक्त बधिर करायचं इंजेक्शन उतरायचं, तीन तासांत ओठ जागा होणार.

तीन तास झाले. लेकीने मला डोळे मिटायला लावले, कापसाने ओठ चोळला.

"कळलं?"

"लावलास?"

तिने नवा कापूस घेतला. चार तास झाले, पुन्हा कापूस, पुन्हा काही नाही. हिच्यावर चिडू की ह्यांच्यावर, तेच कळेना.

"सरक, मी बघतो," हे आत येत लेकीला म्हणाले. नळाचा आवाज आला, मग स्टूल ओढल्याचा. माझे डोळे मिटलेलेच होते. "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि ओठाच्या कोपऱ्यावर काहीतरी लागलं. हलकं, गार, ओलसर.

"अहो," मी म्हटलं, "तुमचं बोट केवढं थरथरतंय!"

लेक किंचाळलीच. "कळतंय तिला! बाबा, कळतंय!"

बोट तिथेच होतं. "तेव्हा दाढ काढतानाही असंच थरथरत होतं," हे हळूच म्हणाले. "म्हणून थांबलो."

डोळे मी लगेच उघडले नाहीत.