खिळे ठोकलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे आणि स्वभावाने खुनशी आहे. आधीच सांगितलेलं बरं.

नाशिकला देवराम सरांच्या गणिताच्या क्लासात मी भिंतीवर दिमाखात होतो. पालक माझ्यावरचं अक्षर वाखाणायचे आणि मी फुगायचो. तिथे तबस्सुम नावाची एम.एस्सी.ची मुलगी लहानांना शिकवायची. तिला संशोधन करायचं होतं गाठींच्या गणितावर. दोन गाठी न कापता, न सोडता, त्या एकच की वेगळ्या हे कसं ओळखायचं? सर तिला हसायचे.

एक दिवस छाया आली, अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या आईचा हात धरून. तिला दिसत नव्हतं. शाळेतले म्हणत होते, दहावीला भूमिती सोड. तिला तर पुढे गणितच शिकायचं होतं. सर दारातूनच म्हणाले, "आमच्याकडे सगळं फळ्यावर चालतं. हिला काय उपयोग?"

माझं नाव पुढे करून! असा जळफळाट झाला म्हणून सांगू! तबस्सुमने त्याच दिवशी क्लास सोडला. मी कुठे जाणार? टांगलेलाच राहिलो, दात ओठ खात.

पुढे स्क्रीन आली आणि मला जिन्याखाली फेकलं. तबस्सुम आता छायाला आपल्या घरीच शिकवत होती. तिने मला सरांकडून मागून नेलं आणि माझ्या अंगात वर्तुळाच्या आकारात खिळे ठोकले. दुखलं, पण सुडाचा मार्ग दिसला. खिळ्यांवर ती दोरा ताणायची आणि छाया बोटांनी वर्तुळ, जीवा चाचपायची. शेजारची डोळस मुलंही डोळे मिटून तिच्याबरोबर शिकू लागली. अर्धवर्तुळातल्या कोनाचं टोक छायाने एका खिळ्यावरून दुसऱ्यावर नेलं, परत चाचपलं आणि म्हणाली, "ताई, कुठेही नेलं तरी काटकोनच राहतो."

दहावीच्या निकालात तिने गणितात सरांच्या सगळ्या मुलांना मागे टाकलं. लगेच सर पेढे घेऊन हजर! क्लासच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लावायचा म्हणे, एकदा आली होती ना क्लासला. बोलता बोलता त्यांनी ऐटीत माझ्यावर हात टेकला. एक खिळा मी मुद्दाम सैल सोडला होता. तो बरोबर रुतला. काय गार वाटलं मला!

छाया शांतपणे म्हणाली, "लावा ना सर. फक्त खाली छापा, हिला आम्ही दारातून परत पाठवलं."

सर बोट चोखत जिना उतरले. पेढे तिथेच राहिले.

मित्रांनो, फळ्याला ओल लागू देऊ नका, आणि त्याच्या नावावर कुणाला दारात अडवू नका. आमच्यावरचं रोज पुसतात, तरी आम्ही काही विसरत नाही.