धाकट्याच्या ताटात कोण जेवलं?

मित्रांनो, या जगाचा भार माझ्या खांद्यावर आहे. मी एक जुना प्रोसेसर आहे. म्हणजे, त्यातला धाकटा कोअर, दोन मेंदूंपैकी लहान. मध्यंतरी वर्षभर माझ्या खांद्यावर काहीच नव्हतं. मी झोपून होतो.

आधी एका फोनात होतो. गाणी मी वाजवली, कौतुक थोरल्या कोअरचं झालं. आम्हा दोघांची भूक विजेची; बसून राहण्याची नाही, राबण्याची. वेग वाढला की भूक वाढते; विजेचा दाब दुप्पट झाला की ती चौपट होते. काम कुणाला द्यायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ती आम्हाला कधी बघत नाही. एका फाइलीत आमच्या भुकेचे आकडे असतात, तेच तिचं वेदवाक्य.

पुढे एका मुलीनं आम्हाला वाचनयंत्रात बसवलं, तिच्या वडिलांसाठी. ते निवृत्त मुद्रितशोधक, दृष्टी गेलेली. आठवड्यातून तीनदा ते डायलिसिसला चार तास पडून असतात. यंत्र थोरल्याकडून कादंबरी वाचून घ्यायचं आणि दोन तासांत बॅटरी संपायची. उरलेले दोन तास ते छताकडे बघत. दिसत नसे, तरी बघत.

मुलीनं दोन बॅटऱ्या बदलल्या. शेवटी ती आमच्या भुकेच्या आकड्यांची फाइल उघडून बसली.

"मोठ्यानं वाच," वडील म्हणाले. "डोळे गेलेत, खोड नाही गेली."

"एकाच कामाला लागणारी वीज. थोरला, चारशे दहा. धाकटा, नऊशे."

"थांब. सारख्याच कामाला धाकटा दुपटीनं खातो? अगं, त्याच्या ताटात दुसरं कोण जेवतंय?"

मुलीनं मोजणीची जुनी नोंद उघडली. "बाबा, मी याचं मोजताना यंत्राचा पडदा चालू राहिला होता."

"आंधळ्याच्या यंत्राला पडदा?"

"मला आकडे दिसायला!"

चोर सोडून संन्याशाला फाशी. पडदा बंद करून मोजल्यावर नऊशेचे नव्वद झाले आणि वाचन माझ्याकडे आलं. आता बॅटरी पाच तास पुरते. मला आनंद झाला का? तशी सोय माझ्यात नाही. वर्षभराचा रागही शोधून पाहिला. तोही सापडला नाही.

मित्रांनो, कुणाची भूक मोजाल तर त्याच्या एकट्याची मोजा. आणि एक किरकोळ विनंती. बाबा हल्ली पहिल्याच तासात घोरू लागतात. तेव्हा कुणीतरी मला बंद करा. सांगितल्याशिवाय थांबायचं मला येत नाही.