नववं वासरू

"आक्का, समुद्र कुठं अन् आपण कुठं? त्या वादळाला आपल्या गावात यायचं म्हणलं तर दोन यष्ट्या बदलाव्या लागतेत!"

आप्पाराव असं म्हणाला आणि पारावर बसलेली माणसं खो खो हसली. सत्यभामानं तोंडापुढचा भोंगा खाली घेतला. एरवी तीही हसली असती. आंध्रच्या किनाऱ्याला धडकलेलं चक्रीवादळ जमिनीवर येऊन विझलं होतं खरं, पण त्याचे ढग विझले नव्हते. ते मराठवाड्यावर येऊन दोन दिवस कोसळत होते. पिंपळथडीच्या वरच्या अंगाला, सहा किलोमीटरवर, गोदावरीचा बंधारा काठोकाठ भरला होता. चार वाजता त्याची दारं उघडणार होती. त्याआधी काठावरच्या प्रत्येक गावानं वर कळवायचं होतं, की नदीच्या पात्रात ना माणूस आहे ना जनावर. एवढ्या सगळ्याला सरकारात एकच शब्द आहे: निरंक.

पिंपळथडीचं निरंक कळवायचं काम सत्यभामाचं. ती गावची कोतवाल. कोतवाल म्हणजे महसूल खात्याची सगळ्यात खालची पायरी. कागद पोचवा, साहेब आले की खुर्च्या मांडा, रोज सकाळी आठला पाऊस मोजा आणि दवंडी द्या. वडलांच्या जागी ती सव्विसाव्या वर्षी लागली, आज बावन्नाची झाली. म्हणजे अर्धं आयुष्य तिनं दुसऱ्याचं बोलणं गावाला ऐकवलं. "साहेबांनी सांगितलंय" हे तिच्या प्रत्येक दवंडीचं शेपूट. मागच्या वर्षी दोनदा तिनं वादळाची दवंडी दिली, लोकांनी गाठोडी उचलून शाळेत नेली, आणि दोन्ही वेळेला दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून गावात तिचं नाव 'वादळबाई' पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण कान तर तिलाही होते ना!

"आप्पा, हसणं मागनं हस. बेटावरची गुरं आधी काढ."

"काढतो की! काहून एवढी घाई?"

बेट म्हणजे पात्राच्या मधोमधचा उंचवटा. पावसाळा सरता सरता तिथं गुडघाभर गवत होतं आणि आप्पाराव दरवर्षी आपली गुरं तिकडं नेई. सत्यभामा त्याच्या मागं लागली ती लागलीच. पारावरून उठवलं, नदीपर्यंत हाकलत नेलं, शेवटी वैतागून तो नदी पायी ओलांडायच्या उतारातून पाण्यात शिरला. अडीचच्या सुमाराला गुरं अलीकडं आली. पाणी त्यांच्या पोटाला लागलं होतं. सकाळी ते गुडघ्याला नव्हतं.

"आल्या समद्या," आप्पाराव धोतर पिळत म्हणाला. "टाका तुमचं निरंक. मी बी साहेबाला फोन करून सांगितलंय, पात्र मोकळं हाय म्हणून."

"किती हायत?"

"हायत देवाच्या दयेनं चार-दोन."

हे उत्तर तिला पाठ होतं. गुराखी माणूस गुरांचा आकडा कधी सांगत नाही. सांगितला की नजर लागते. पशुगणनेवाले आले, विम्यावाले आले, खुद्द तहसीलदार आले, आप्पारावची गुरं आपली चार-दोनच. दूध मात्र डेअरीला चाळीस लिटर जायचं.

गुरं गावात शिरली ती अर्जुनराव गुरुजींच्या घरावरून. गुरुजी छत्री घेऊन ओट्यावर उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गणिताचे निवृत्त मास्तर. सत्यभामालाही पाढे त्यांनीच शिकवलेले. त्यांच्या भिंतीवर डांबराचा काळा चौकोन होता आणि त्यावर खडूनं लिहिलं होतं: २८. तो आकडा आठ वर्षांपूर्वी सुरू झाला. आप्पारावनं बाजारातून चांदी नावाची एक गाय आणली आणि गुरुजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साडेसहाशे वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या एका पंडितानं गायीचं गणित मांडलं होतं. गाय दरवर्षी एक वासरू देते, वासरू चौथ्या वर्षापासून आपलं वासरू देतं, तर वीस वर्षांत किती? एक, दोन, तीन, चार, सहा, नऊ, तेरा, एकोणीस अशी ती माळ वाढत जाते आणि विसाव्या वर्षी दोन हजार सातशे पंचेचाळिसावर पोचते. परदेशात त्याच्या दीडशे वर्षं आधी कुणी सशांच्या जोड्या अशाच मोजल्या होत्या. ती माळ वेगळी, पण हिची बहीण. आणि ती बहीण तर आपल्याकडं त्याहून कितीतरी आधी कवितेचे लघु-गुरू मोजताना सापडली होती. हे सांगताना गुरुजींच्या डोळ्यांत पाणी यायचं. दर पाडव्याला ते जुना आकडा पुसून पुढचा लिहीत.

"सर, तुमच्या पंडिताच्या गायीला गोऱ्हा होतच न्हाई का हो?" आप्पाराव चिडवायचा. "अन् एक बी मरत न्हाई? लई भागवान माणूस!"

गुरुजी कबूल करायचे. "आकडा चुकेल रे, पण रीत चुकत नाही. यंदाची वासरं किती, तर तीन वर्षांपूर्वी दावणीला जेवढ्या होत्या तेवढी. पुढं काय होणार ते बघायला पंडित तीन वर्षं मागं बघतो."

सत्यभामानं हे शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा मान हलवून सोडून दिलं होतं. आज गुरं समोरून जात होती, फोन कंबरेला थरथरत होता आणि तिचं बोट आपोआप हवेत मोजायला लागलं. वासरं. एक, दोन, तीन. आठ झाली. तिनं पुढं धावत जाऊन शाळेच्या फाटकात उभं राहून पुन्हा मोजली. आठ.

तीन वर्षांपूर्वी लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर आले होते. वही सत्यभामानंच लिहिली होती. आप्पाराव, लहानमोठ्या माद्या, नऊ. त्यातली सगळ्यात धाकटी, चार महिन्यांची बुगडी, सुईला घाबरून नाचत होती, म्हणून सत्यभामानंच तिला पोटाशी आवळून धरलं होतं. लुगडं शेणानं भरलं होतं त्या दिवशी! तेव्हाच्या नऊ म्हणजे आजच्या नऊ माया. नऊ माया, आठ वासरं. आणि मायाही आठच आल्या होत्या. बुगडी कुठं दिसेना.

"आप्पा, नववी कुठं हाय?"

"कसली नववी?"

"मेली असती तर पंचनाम्याला मीच असते. इकली असती तर दाखला मागाया तू माझ्याच दारात आला असता. बुगडी कुठं हाय?"

आप्पारावचा चेहरा उतरला. त्यानं नदीकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. तेवढ्यात सत्यभामाला कळलं, बुगडी बेटावरच राहिली आहे.

"पहिलारू हाय," तो पुटपुटला. "सकाळधरनं कळा देती. चालंना. म्हणलं, मोकळी झाली की आणू."

"एकलीच हाय तिथं?"

तो धोतराचा सोगा पिळत राहिला.

"आप्पा! एकलीच हाय का?"

"चतुरा हाय तिच्यापाशी."

चतुराबाई त्याची बायको. सत्यभामाला त्या घटकेला वाटलं, ह्या माणसाच्या दोन कानाखाली द्याव्यात. "आरं, बायकू हाय ती तुझी! बोलला का न्हाईस?"

"पहिलारूचं कुणी बोलून दावतं का, आक्का? नजर लागती. तुमी साहेबाला सांगितलं असतं, त्यानं गाय सोडून निघाया लावलं असतं." मग त्याचा आवाज बारीक झाला. "अन् मला वाटलं, पाणी कुठं येतंय. मागल्या बारीला बी न्हाई आलं."

हे मात्र सत्यभामाच्या वर्मी बसलं. तिनं फोन घेतला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अहो, सगळ्या गावांचं आलं," मंडळ अधिकारी साहेब ओरडतच होते. "तुमचं एकटीचं अडलंय. टाका निरंक!"

"निरंक न्हाई, साहेब. बेटावर एक बाई हाय अन् एक गाय हाय."

"आप्पारावनं स्वतः मला सांगितलं, मोकळं आहे. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?"

"न्हाई साहेब. मोजलं."

"कोण म्हणतंय हे?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "मी म्हणते," ती म्हणाली. "सत्यभामा कोतवाल. लिहून घ्या."

साहेब माणूस बरा होता. "पाणी माझ्या हातात नाही, बाई. अर्धा तास मागून बघतो. साडेचार. त्याच्या पुढं एक मिनिट नाही."

उतारात आता छातीभर पाणी झालं होतं. चालत जाणं मेल्यासारखंच. सरकारी बोट बीडहून यायची, ती कधी पोचणार! सत्यभामा तडक बजरंगच्या शेडवर गेली. बजरंगचा धंदा वाळूचा, तोही चोरून. महसूलच्या पथकाबरोबर ती स्वतः दोनदा त्याला पकडायला आली होती.

"बजरंग, बोट काढ."

"माझ्यापाशी कुठली बोट, मावशी? देवाशप्पथ न्हाई."

"बाभळीत, पाचटाखाली हाय. मला पहिल्यापून ठावं हाय." तिनं त्याच्या दंडाला धरलं. "पथकाला दावीन का न्हाई ते उद्या बघू. आज चतुराबाई बेटावर हाय."

बजरंगनं तिच्या मागं उभ्या आप्पारावकडं पाहिलं. "तू म्हणलतास ना बे, सगळे आले म्हणून?" एवढंच म्हणून तो पळत सुटला.

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. बजरंग आणि आप्पाराव गेले. सत्यभामा काठावर उभी राहिली. तिला पोहता येत नव्हतं आणि तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुरुजी छत्री घेऊन मागं येऊन थांबले. पाण्याचा रंग बदलत होता. आधी काडीकचरा आला, मग फेस, मग मुळासकट उपटलेलं एक झुडूप. चार वाजले. चार दहा. बेटाच्या कडेचं गवत बुडलं. मागं शाळेच्या आवारात चांदी हंबरत होती.

"येतील," गुरुजी म्हणाले.

"सर, बोलू नका," सत्यभामा म्हणाली. गुरुजींशी ती आयुष्यात पहिल्यांदा असं बोलली.

चार वीसला बोट दिसली. चतुराबाई मधोमध बसली होती, पदरात काहीतरी ओलं, काळं गुंडाळलेलं. बोटीमागं दोरानं बांधलेलं बुगडीचं तोंड पाण्यावर दिसत होतं. नुकती व्यालेली गाय, तिच्यात जीव कितीसा असणार? मधल्या धारेला बोट एका अंगाला कलली. बजरंग ओरडला. आप्पारावनं दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बोट अजून कलली, काठावरच्यांनी डोळे झाकले. मग बोट एकदम सरळ झाली आणि इंजिनाचा आवाज जवळ येऊ लागला. बुगडीचं तोंड मागं राहिलं, थोडा वेळ दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

चतुराबाई काठावर उतरली. एका हातात वासरू, दुसऱ्या हातात विळा.

"दोर म्या कापला," ती सत्यभामाला म्हणाली. "ह्यांच्यानं हुईना." आणि वासराला छातीशी धरून ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

फोन पुन्हा थरथरला. साडेचार. सत्यभामानं 'निरंक' लिहिलं आणि तिचं बोट अडलं. पात्रात बुगडी होती. तिनं शब्दाआधी आणखी एक शब्द घातला, 'माणसं निरंक', आणि पाठवलं. पाच वाजता बेट कुठं होतं ते दाखवायलाही काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला होता. सकाळी आठला सत्यभामा पर्जन्यमापकाकडं निघाली, तेव्हा आप्पाराव गुरुजींच्या ओट्याखाली उभा होता. रात्रभर झोपला नसावा. चांदीनं आपल्या नातीच्या, बुगडीच्या वासराला जवळ घेतलं होतं, पाजलं होतं, कालवड होती, असं त्यानं सांगितलं. गुरुजी खडू हातात फिरवत होते.

"लिवा, सर," आप्पाराव म्हणाला. रस्त्यावर चारसहा माणसं होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "काल सकाळी बावीस होत्या."

त्यानं कधी आकडा सांगितलेला कुणी ऐकला नव्हता. गुरुजींनी अठ्ठावीस पुसला आणि बावीस लिहिला.

"अन् आज?" त्यांनी हळूच विचारलं.

आप्पारावनं बोटांवर मोजलं. एक गेली, एक आली. पुन्हा मोजलं.

"आज बी बावीसच," तो म्हणाला, आणि कापलेल्या दोराचं टोक मुठीत धरून तिथंच खाली बसला.