तुला कसं माहीत?

गोंदनं खिडकीवर जुनी चादर ताणून बांधली आणि खोलीत अंधार झाला की नाही हे पाहायला दारापर्यंत मागे गेली. मित्रमंडळींनीच तिला हे नाव ठेवलं होतं. एखाद्या कामाला चिकटली की ती सुटायची नाही. वाचनालयाची ही खोली मिळवायला तिनं तिथल्या ग्रंथपालांना महिनाभर भंडावून सोडलं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती सगळ्यांनी मिळून तपासायच्या तिच्या कार्यक्रमाला मागच्या वेळी जेमतेम चारजणी आल्या होत्या. आज सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि शेवटच्या रांगेत मांडीवर बाळ घेऊन वहिनी बसली होती.

वहिनी येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं बाळाची गोवराची लस लांबणीवर टाकली होती, आणि त्यावरून घरात दोघींचा अबोला होता. दादानं 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून अंग काढून घेतलं होतं. भिंतीवर दाखवायची चित्रफीतही वहिनीच्याच मोबाइलवरून घरच्या गटात आली होती. गोंदनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

चित्रफितीत पांढरा कोट घातलेला एक माणूस लसीनं मुलं कशी खंगतात ते शपथेवर सांगत होता. ती संपल्यावर गोंदनं बायकांना विचारलं, हा कोण? याला कसं माहीत? यात याचा फायदा काय? मग तिनं शेवटचा भाग पुन्हा लावला. तिथं तोच माणूस स्वतःची ताकदीची पावडर विकत होता. बायका हसल्या. वहिनी हसली नाही.

"आणि तुला कसं माहीत?" तिनं जागेवरूनच विचारलं.

हसू विरलं. गोंद म्हणाली, कॉलेजात शिकवलं, पुस्तकात आहे. वहिनीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, शिकवणाऱ्यांना कुणी सांगितलं? पुस्तक लिहिणाऱ्यानं काय पाहिलं? आवाजात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच अवघड होतं.

प्रोजेक्टरपाशी बसलेल्या मैत्रिणीनं काहीतरी बोल म्हणून डोळ्यांनी खुणावलं. ठोकून द्यायला दोन-चार जड शब्द गोंदच्या जिभेवर तयार होते. तिनं ते गिळले.

"इतकं खोलात मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते."

कार्यक्रम तिथंच ढेपाळला. बायका आपसात कुजबुजत उठल्या. मैत्रीण वायर गुंडाळताना म्हणाली की आज आपण लोकांना उलट शंकेत टाकलं. गोंदनं खिडकीवरची चादर सोडवली, घडी घातली आणि पुढच्या रविवारसाठी खोली मागायला ग्रंथपालांकडे गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनीनं आपणहून तिच्यासमोर चहा ठेवला.

"उद्या दवाखान्यात जाते. मीच विचारीन. तू चल, पण मध्ये तोंड घालायचं नाही."

सकाळी लसीकरणाची रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. नंबर आला तेव्हा वहिनीनं बाळाची बाही वर केलीच नाही. लसीत काय असतं, ती पारखतात कशी, पारखणारे कोण, तिनं एकेक करून विचारलं. नर्सबाई आधी तुटक बोलत होत्या. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं, समोर बसल्या आणि सांगू लागल्या: आधी थोड्यांना देऊन पाहतात, मग हजारोंना, दिलेली मुलं नि न दिलेली मुलं वर्षानुवर्षं ताडून बघतात. आठवड्याभरानं ताप येऊ शकतो आणि उघडलेली बाटली चार तासांनी टाकून द्यावी लागते, हेही त्यांनी लपवलं नाही. गोंदला दोनदा बोलावंसं वाटलं. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

वहिनीनं बाळाची बाही वर सारली. सुई जवळ येताच तिनं हात आडवा धरला.

"एकच राहिलं, सिस्टर. ही बाटली उघडली कधी?"

नर्सबाईंनी बाटलीवर लिहिलेली वेळ तिच्यासमोर धरली. वहिनीनं ती वाचली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि हात बाजूला घेतला.

रांगेत पाठीमागे असलेल्या बाईनं आपलं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढे सरकून म्हणाली, "मलाही दाखवा."