तो 'कट्' माझा नव्हता

"डॉक्टर, माणसाच्या तोंडाला बिजागरी असते का?"

मित्रांनो, हा प्रश्न कृतिकाने शाळेतल्या दंत तपासणीच्या दिवशी विचारला. पैज लागली होती ना! मागे रांगेत उभी असलेली मैथिली म्हणाली होती, "विचार की! तू वडापाव खातेस तेव्हा जुनं कपाट उघडल्यासारखा आवाज येतो. आहे हिंमत?" कृतिकाला हिंमत विचारायची म्हणजे संपलंच. तिने खणखणीत आवाजात विचारलं. सगळी रांग फिदीफिदी हसली. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

अरे हो, मी कोण ते राहिलंच. मी एक जुनी पेन्सिल आहे. लाल-काळ्या पट्ट्यांची, तासून तासून बोटभर उरलेली. माझ्या अंगावर दातांचे इतके खड्डे आहेत की पट्ट्या मोजता येत नाहीत. नौपाड्यातल्या एका दुकानातून मी बाळकुमला कृतिकाच्या घरी आले. तेव्हा माझं काम साधं होतं. नद्या काढायच्या, डोंगर काढायचे, चुकलं की डोक्यावरच्या रबराने पुसायचं.

मग एक दिवस मी थेट तोंडात गेले! मला काही कळेना.

झालं असं की कृतिका बोलताना शब्द गिळायची. नीला मॅडमनी वक्तृत्वाच्या सहा मुलींना सांगितलं, "पेन्सिल दातांत आडवी धरा, पाच मिनिटं उतारा वाचा. मग पेन्सिल काढून वाचा आणि फरक बघा." फरक पडला की! कृतिका वर्गात पहिली आली, शाळेत पहिली आली, आणि कल्याणच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. "ही माझी लकी पेन्सिल!" असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मी अशी फुगले, काय सांगू! पाच मिनिटांचा तास झाला. गणितं सोडवतानाही मी दातांतच. म्हणजे लिहायला वेगळी पेन्सिल आणि चावायला मी. हा मान होता की अपमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एके दिवशी आवाज आला. कट्!

मेले, मला वाटलं. माझं शिसं मोडलं! पण तिने मला बाहेर काढलं तर मी अख्खी. दुसऱ्या दिवशी मी कंपासपेटीत पडलेले असताना ती डबा खात होती, आणि पुन्हा कट्! आता मी तर तोंडात नव्हते. मग मोडलं काय?

त्यानंतर घरात नुसता गोंधळ. कृतिकाचा कान दुखायला लागला. ठमाआजी म्हणाली, "कानान वारा गेला गो पोरी," आणि तिने कोमट तेल घातलं. उशी तेवढी तेलकट झाली. दाढ ठणकली तेव्हा आईने लवंग दिली. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखायची, म्हणून बाबांनी मोबाइल काढून घेतला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकाच मुलीला तीन-तीन आजार कसे, हेच मला समजेना.

मग एकदा जांभई देताना तिचं तोंड अर्ध्यावर अडकलं. दोन-तीन क्षणच, पण तिचे डोळे किती मोठे झाले ते मी पाहिलं. तरी ती कुणाला बोलली नाही. मला घट्ट धरून पुटपुटली, "सांगितलं तर कल्याणला जाऊ देणार नाहीत." स्पर्धा आठ दिवसांवर होती.

तर, पुन्हा त्या तपासणीच्या दिवशी, डॉक्टरबाईंकडे. त्यांनी तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "हळू उघड. आता मीट." कट्! "उघडताना हनुवटी डावीकडे सरकतेय. तीन बोटं उभी धरून तोंडात घाल बघू." दोनच गेली. "हीच तुझी बिजागरी. जबड्याचा सांधा कानाला चिकटूनच असतो, म्हणून कधी कान दुखतो, कधी दाढ, कधी डोकं. नुसता आवाज आला असता तर मी घाबरले नसते. पण तुझं दुखतंय, आणि तोंड पूर्ण उघडत नाहीये. तोंड कधी अडकलंय का?"

कृतिकाने होकारार्थी मान हलवली. मैथिलीचं हसू गेलं.

"दातांत काही धरतेस?"

कृतिकाने मला खिशातून बाहेर काढलं. सगळे माझ्या खड्ड्यांकडे बघत होते. म्हणजे गुन्हेगार मी?

"सगळा दोष हिचाच, असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दात आवळायची सवय असेल, टेन्शन असेल. पण हिला सुट्टी दे. मऊ खा, च्युइंगगम नको, मोठी जांभई नको, काही दिवस भाषणाचा सराव बंद. आणि आईबाबांना घेऊन क्लिनिकला ये."

मित्रांनो, मी लाकडाची. माझं टोक मोडलं तर तासता येतं. तुमचा सांधा तासता येत नाही हो! तो कट् म्हणाला, दुखला, अडकला, तर मोठ्यांना लगेच सांगा. माझ्यासारखी लकी वस्तू सांभाळत बसू नका.

संध्याकाळी खिचडीच्या ताटाशेजारी कृतिकाने मला ठेवलं आणि डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं घरात सांगून टाकलं.

"आई, बाबा, मी यंदा कल्याणच्या स्पर्धेत उतरणार नाही."

"अगं, पण मी अख्ख्या बाळकुमला सांगून बसलोय!" बाबा म्हणाले.

"मग आता हेही सांगा. आणि उद्या नीला मॅडमना मी स्वतः सांगणार. बाकीच्या पाच जणींच्या दातांत पण पेन्सिली आहेत, त्यांना तीन बोटं घालून बघायला लावणार. ही पेन्सिल? उद्या भूगोलाचा नकाशा आहे. तो हिनेच काढणार."