शिट्टी सांगते आचलच्या नंबराची गोष्ट

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावरचा चांदीसारखा मुलामा कडांना उडाला आहे. पोटात बुचाची एक गोळी आहे. ती गरगर फिरते, म्हणून माझा आवाज थरथरतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून माझे दोन भाग केले, डाग देऊन जोडले आणि खोक्यात भरून मला अमरावतीला धाडले. राजापेठेतल्या एका दुकानात कॅरमच्या सोंगट्यांशेजारी मी बरेच दिवस पडून होते. एकदा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेचे खेळाचे शिक्षक खुशालराव सर आले. त्यांनी दोन-तीन शिट्ट्या वाजवून पाहिल्या आणि मला उचलून म्हणाले, "ही बोलते!"

त्यांच्या गळ्यात मी कवायती केल्या, खो-खो आणि फुटबॉलचे सामने खेळवले. मी वाजले की मोर्णा नदीच्या पल्याड ऐकू जाते, असे मुले कौतुकाने म्हणत. पुढे सर निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात गेले. दमट हवेने माझी गोळी फुगून चिकटली. मला कोणी हात लावेना.

मग एका जूनमध्ये खण उघडला. सरांचीच विद्यार्थिनी दीपमाला आता त्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली होती. "अगं बाई, सरांची शिट्टी!" म्हणत तिने मला कोमट पाण्याने धुतले, खराट्याच्या काडीने गोळी सैल केली आणि गळ्यात घातले. आता खरी गोष्ट सुरू होते.

दीपमालाचा धाकटा भाऊ स्वप्निल मोबाइलवर फुटबॉलचा एक खेळ खेळायचा. त्यात मित्र आळीपाळीने खरे खेळाडू निवडून आपापले कागदी संघ बनवतात. कोणता खेळाडू साधारण कितव्या पाळीला उचलला जातो, याची सरासरीही तिथे मिळते. त्याने आणि काही मित्रांनी मुलींची फुटबॉल स्पर्धा भरवली, तेव्हा हीच पद्धत आणली. सहा संघ, सहा प्रशिक्षक. आधी अकोल्याला चाचणी झाली. मग प्रशिक्षकांनी घरी बसून आपण कोणाला कितवी घेऊ ते कळवले. परीक्षेच्या गडबडीत दीपमालाचे तेवढे राहून गेले. बाकी पाच जणांच्या आकड्यांवरून प्रत्येक मुलीपुढे एक सरासरी नंबर आला, आणि ती यादी सगळ्यांना मिळाली. मुलींनाही.

दर्यापूरजवळच्या खेड्यातली आचल गोलकीपर होती. चाचणीच्या दिवशी तिची जीप वाटेत बंद पडली. ती पोचली तेव्हा चाचणी संपत आली होती. तिचा नंबर आला एकतिसावा. पण दीपमालाने तिला आदल्या वर्षी दर्यापूरच्या मैदानावर पाहिले होते. तिथे मीही होते. चेंडू कुठे येणार हे त्या पोरीला जणू आधीच कळायचे.

यादी आली त्या संध्याकाळी आचलचा फोन आला.

"मॅडम, एकतीस म्हंजे माह्याहून तीस जणी चांगल्या हायेत का?"

"नाही बाई," दीपमाला म्हणाली. "बाकीचे तुले कधी घेतीन, त्याचा अंदाज हाय तो. तू कशी खेळतं, हे त्यात नाही."

फोन ठेवल्यावर स्वप्निल म्हणाला, "ताई, चिठ्ठीत तुही पाळी सहावी निघाली. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा फिरतो, म्हणून लगेच सातवीबी तुहीच. मग अठरावी, एकोणिसावी, तिसावी, एकतिसावी. आचल एकतीसवर हाय. तिले तिसावी घे. आधी घेशीन तं चांगली पाळी फुकट जाईन."

हे बरोबरच होते, मित्रांनो. सरासरीचा खरा उपयोग तोच. कोणासाठी घाई करायची आणि कोणासाठी थांबायचे, ते ती सांगते. पौर्णिमा नावाच्या मुलीचा नंबर बत्तीस होता आणि पाचही जणांनी तिला एकतीस ते तेहतीसच्या आतच ठेवले होते. तिच्यासाठी दीपमालाने निवांत थांबायचे ठरवले.

मग तिने आचलच्या ओळीतले बारीक आकडे पाहिले. चौघांनी तिला चौतीस-पस्तीस-छत्तीसवर ठेवले होते. पाचव्याने मात्र पंधरावी! तो पाचवा म्हणजे राजापेठचे अमोल सर.

"स्वप्निल, एकतीसवर तं तिले कोणीच ठेवलं नाही रे," ती हळूच म्हणाली. "चार जण न घेवोत. नेणारा एकच पुरतो. सातवीनंतर माही पाळी थेट अठरावी, तोवर हा तिले नेईन."

निवड शाळेच्या सभागृहात झाली. सहाव्या पाळीला दीपमालाने मधल्या फळीतली दीक्षा घेतली. सातव्या पाळीला पायल अजून शिल्लक होती, वाऱ्यासारखी पळणारी पायल. सगळे तिचेच नाव ऐकायला बसले होते. दीपमालाच्या मुठीत मी घट्ट आवळले गेले.

"आचल," ती म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली. अमोल सर तेवढे हसले नाहीत. मूर्तिजापूरच्या धर्मेंद्र सरांनी पुढच्याच पाळीला आनंदाने पायल घेतली. एकतिसाव्या पाळीला पौर्णिमा अलगद आमच्याकडे आली. तिथे सरासरी अगदी खरी ठरली.

आणि पहिला सामना पडला मूर्तिजापूरशीच. पायलने आचलवर तीन गोल केले. तिन्ही गोलांच्या वेळी मी ऐकले, लोक म्हणत होते, "यादी खोटी नव्हती, बरं!"

पुढच्या सरावाला आचल आली नाही. दीपमाला रविवारी जीपने तिच्या गावी गेली. अंगणात आचलची आई मैनाबाई सोयाबीन पाखडत होती.

"मॅडम, पोरीले काहून लाजवून राहिले तुमी?" ती म्हणाली. "सातवा नंबर देल्ला, म्हून लोक हासतेत. शेवटी घेतली असती तं कोणी पाह्यलंबी नसतं."

दीपमाला ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मैनाबाई, मी दया म्हणून नाही घेतली तिले. थांबली असती तं दुसऱ्यानं नेली असती. मले ते परवडत नव्हतं." मग आचलकडे वळून, "दोन गोलांच्या वेळी आपली मागची फळी पुढं गेली होती. तुले दिसत होतं का?"

आचलने मान हलवली. "दिसे."

"मग वरडली काहून नाहीस?"

"मोठ्या पोरी हायेत त्या. त्याह्यले कसं वरडू?"

दीपमालाने मला ओठांना लावून जोरात फुंकले. कोंबड्या फडफडून पळाल्या. "आता हिच्याहून मोठ्यानं वरड."

पहिल्यांदा पोरीच्या तोंडून नुसती कुजबुज निघाली. दुसऱ्यांदा थोडी बरी. मग मैनाबाईनेच सूप खाली ठेवले. "अवं, वावरात डुकरं शिरले तं कशी वरडतं? तशी वरड!"

आचल ओरडली. शेजारचे लोक काय झाले म्हणून बघायला बाहेर आले. मित्रांनो, त्या दिवशी माझा आवाज फिका पडला, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

उपांत्य सामन्यात मूर्तिजापूर पुन्हा समोर आले. "दीक्षा, मांगं! पौर्णिमा, उजवीकडे!" आचलचा आवाज सारा वेळ मैदानभर घुमत होता. पायलने एक गोल केलाच. ती होतीच तशी खेळाडू, तिचा वरचा नंबर काही फुकटचा नव्हता. पण पुढच्या वेळी ती एकटी सुसाट आली, तेव्हा आचल गोल सोडून पुढे धावली आणि तिच्या पायांशी चेंडूवर झेपावली. आम्ही दोन-एकने जिंकलो. अंतिम सामना हरलो, पण त्या रात्री मुली जीपमध्ये गाणी म्हणतच घरी गेल्या.

अमोल सर दीपमालाला म्हणाले, "मॅडम, मी तिले पंधरावीसाठी दाबून ठेवलं होतं. तुमी बरोब्बर हेरलं."

यंदा चाचणी अकोल्यासोबत दर्यापूरलाही झाली. सहाही प्रशिक्षक तिथे गेले, आपल्या डोळ्यांनी पाहून मगच त्यांनी आकडे लिहिले. यादी आहेच, सरासरीही आहे. स्वप्निल ती अजून मन लावून काढतो.

मित्रांनो, चारचौघांचा अंदाज जरूर विचारा, त्याने वाट सोपी होते. पण तो अंदाज कोणी बांधला, काय पाहून बांधला, हेही विचारा. आणि तुमच्यापुढे एखादा मागचा नंबर लागला, तर तो लिहिणाऱ्याने तुम्हाला किती वेळ पाहिले होते, ते आठवा. माझ्यासाठी एवढेच करा: वाजवून झाले की मला पुसून कोरडे ठेवा, खणात कोंडू नका. सोमवारी सकाळी सराव आहे, आणि मला वाजायचे आहे.