दयाळाचा निवाडा

मावशीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती आणि झाडून सगळ्यांच्या माना वर होत्या. महाराजांच्या चेल्यांनी दारासमोर उंच काठी रोवली होती. काठीच्या टोकाला दाण्यांचं मडकं. मडक्याच्या काठावर एक काळा-पांढरा पक्षी शेपटी उभारून, गळा फुगवून गात होता.

"बोलला," महाराज म्हणाले. "दयाळ बोलला. अहो, नावातच दया आहे त्याच्या. लेकरांच्या कळवळ्यानं पाप्याच्या दारात येऊन रडतो तो. मी कोण सांगणारा? मी आपला त्याचा टपालवाला."

टपालवाल्याच्या अंगावर रेशमी शाल होती आणि टपाल नेमकं त्याच्या सोयीच्या पत्त्यावर पडायचं. गल्लीतली पोरं तापानं फणफणत होती. वेल्डरचा मुलगा तर दगावलाच. कुणीतरी करणी केली, असं महाराजांनी काढलं. आधी दयाळ परटिणीच्या दारात गायला. लोकांनी तिचा हात मोडला, तिला हाकलून दिलं. ताप काही हटला नाही, म्हणून आज दुसरं दार. मावशी निवृत्त नर्स. नळाचा पाइप गटारातून गेलाय, पाणी उकळून प्या, महाराजांच्या अंगाऱ्याच्या पुड्या फेका आणि पोरांना दवाखान्यात न्या, असं ती घरोघर सांगत फिरायची. दयाळाला तिचं दार सापडणारच होतं.

पहिल्या दगडानं खिडकीची काच गेली. दुसरा मावशीच्या कपाळावर बसला. ती उंबऱ्यात कोसळली तोच वेल्डर सळई घेऊन पुढे आला आणि त्यानं तिच्या नडगीवर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज घरात भाचीला ऐकू आला.

भाची प्राणिशास्त्र शिकलेली. रोज सकाळी खिडकीत बसून पक्ष्यांची गाणी ऐकायची, म्हणून गल्लीनं तिचं नाव पाखरी ठेवलं होतं. ती धावत येऊन मावशीच्या अंगावर आडवी पडली. पाठीत लाथ बसली. दुसरी बरगडीत. तोंड मातीत गेलं. आता तिला दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

आणि ऐकू येत होती दोन गाणी.

एक ओळखीचं. एरवी मागच्या पाण्याच्या टाकीवर गाणारा, आज मडक्यावर येऊन बसलेला दयाळ. इथून तिथून उचललेल्या शिट्ट्या जोडत जायचा, एकदा गायलेलं पुन्हा जसंच्या तसं गाणं त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या गाण्यात मात्र तीन शिट्ट्या, एक गिरकी, मग बारीकशी खरखर. पुन्हा त्याच तीन शिट्ट्या, तीच गिरकी, त्याच जागी खरखर. जिवंत गळ्यातून असं येत नाही. आणि दयाळ तर किडे खातो, दाण्यांना तोंडही लावत नाही. मग वर ते मडकं कुणासाठी?

ती माणसांच्या पायांतून सरपटत निघाली आणि काठीवर झेपावली. एका चेल्यानं तिचे केस धरून ओढले. बट त्याच्या मुठीत राहिली, काठी कलली, मडकं खाली येऊन फुटलं.

खापऱ्यांत, दाण्यांमध्ये, मुठीएवढा काळा स्पीकर पडला होता. पडल्या पडल्या गात होता. तीन शिट्ट्या, गिरकी, खरखर.

तेवढ्यात दयाळ बाणासारखा खाली आला आणि सगळ्यांच्या पायांशी त्या स्पीकरवर तुटून पडला. चोचीनं, नखांनी, पंखांनी.

"दयाळ हे नाव आपण ठेवलंय," पाखरी ओठावरचं रक्त पुसत म्हणाली. "विणीच्या दिवसांत गल्लीत याच्याएवढा भांडखोर कुणी नसतो. तुम्ही ज्याला रडणं म्हणता ती धमकी आहे. ही माझी हद्द, चालता हो. डब्यात दुसरा नर ओरडतोय असं वाटून तो मारायला आलाय. हा डबा तुमच्या दारात टांगा, तिथला दयाळ तुमच्या दारात येईल. मग करणी तुमची."

चेले कधीच पसार झाले होते. महाराज भिंतीला टेकले. मी तर नुसता टपालवाला, असं ते पुटपुटत होते, तोच कुणीतरी भिरकावलेल्या दगडानं त्यांचे पुढचे दात पाडले. मघाचेच हात, मघाचेच दगड. वेल्डरनं सळई पुन्हा उचलली.

पाखरी लंगडत महाराजांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"याला पोलीस नेतील. मघाशी डब्यानं सांगितलं म्हणून मारलंत, आता मी सांगतेय म्हणून मारणार. माझं तरी तपासून घेतलंत का? पाइप उकरा. पाणी तपासायला द्या. खरं निघालं तर माना, खोटं निघालं तर मलाही मानू नका. पण हात उचलायच्या आधी एकदा विचारा, हे कशावरून?"

वेल्डरनंच शेवटी विचारलं, आता काय करू.

"ती सळई टाका आणि खाट धरा. मावशीला दवाखान्यात न्यायचंय."

मावशीला घरातल्या खाटेवर घालून चौघांनी ती उचलली. मावशीचा एक डोळा रक्तानं मिटला होता. दुसऱ्यानं तिनं वेल्डरकडे पाहिलं.

"धाकटीचा ताप उतरला का रे?"

त्यानं मान हलवली. उतरला नव्हता.

"मग थांबलास कशाला? तिलाही घे बरोबर."

खाटेचा कोपरा शेजाऱ्याच्या खांद्यावर देऊन वेल्डर घराकडे पळत सुटला.